आधी स्त्रीपर्व

महाभारतात चूक न केलेला माणूस शोधायला बसलं तर हाती कुणी लागत नाही. युधिष्ठिर एकदा फाशांवर सगळं घालवतो, द्रौपदीमुळे ते परत मिळतं, आणि घरी जायला निघालेला हा माणूस वाटेत पुन्हा बोलावणं आलं की पुन्हा पटाशी येऊन बसतो. भीष्म भरसभेत धर्माची सूक्ष्मता सांगत राहतात. कुंती एक गोष्ट जन्मभर पोटात ठेवते. द्रोण एका वाक्यावर विश्वास ठेवून शस्त्र खाली ठेवतात. शाळेत आम्हाला हे सगळं तात्पर्यासकट शिकवलं गेलं. दुसऱ्यांच्या चुका वाचायच्या आणि आपल्या टाळायच्या, अभिजात ग्रंथ असतात ते एवढ्यासाठी, अशी त्या वयात माझी समजूत झाली होती. पुढे मूळ ग्रंथ सावकाश वाचला तेव्हा ती टिकली नाही.

टिकली नाही ती धृतराष्ट्रामुळे. आदिपर्वाच्या अगदी सुरुवातीला, अजून कथेला तोंड लागायचं आहे तोच, युद्ध संपल्यानंतरचा त्याचा विलाप येतो. पन्नासेक श्लोक. प्रत्येकात एक घटना, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच पालुपद : हे कानावर आलं तेव्हाच मी जयाची आशा सोडली होती. अर्जुनाने मत्स्यवेध केला तेव्हा. द्रौपदीला सभेत ओढून आणलं तेव्हा. पांडव वनात गेले आणि ऋषी त्यांच्यामागे गेले तेव्हा. भीष्म पडले तेव्हा, द्रोण पडले तेव्हा. इतकी नेटकी, क्रमवार यादी त्या कुळात दुसऱ्या कुणाकडे नाही. आंधळ्या राजाला सगळं दिसत होतं. आणि त्या यादीचा त्याला कवडीचा उपयोग झाला नाही. शंभर मुलं गेली आहेत, पण विलापात ती मुलं फारशी येतच नाहीत. येतो तो हिशेब.

हा धृतराष्ट्र मला सिद्धगडाच्या पायथ्याशी फार आठवतो.

मुरबाडहून म्हशाच्या बाजूला निघालं की पूर्वेला सह्याद्रीची भिंत आडवी येते आणि तिच्यापासून किंचित पुढे सरकून उभा राहिलेला हा डोंगर दिसू लागतो. पलीकडे भीमाशंकरचं रान. जानेवारीत भातं कापून झालेली असतात, खाचरांत उरल्या ओलीवर वाल फुलावर आलेला असतो, घरांमागे पेंढ्याच्या गंजी लागलेल्या. सकाळ इथे उशिरा होते. सूर्याला आधी तो कडा चढून यावं लागतं. दरवर्षी २ जानेवारीला, काळोख असतानाच, डोंगराखालच्या रानात माणसं जमतात. मशाली येतात. कर्जत-नेरळकडून, मुरबाडकडून जीपगाड्या आणि टेम्पो भरून माणसं येतात, शाळांची मुलं स्वेटरात गुरफटून येतात. स्मारकाला हार पडतात, घोषणा होतात. मग कुणीतरी काटक्या गोळा करून शेकोटी पेटवतं आणि तिच्याभोवती बोलणं सुरू होतं.

“एका जागी एवढं राहायला नको होतं त्यांनी.”

“निरोप धाडला तिथंच घात झाला.”

“पहाऱ्याला अजून माणसं हवी होती.”

बोलणाऱ्यांचा जिव्हाळा खरा असतो. ते दोघे वाचायला हवे होते, एवढंच त्यांना म्हणायचं असतं. तरी ऐकता ऐकता एक यादी तयार होते, आणि त्या यादीखाली दोन तरुण माणसं हळूहळू दिसेनाशी होतात.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल १ डिसेंबर १९१२ ला माथेरानला नाभिक कुटुंबात जन्मले. वकिलीपर्यंत शिकले. त्या घरातून, त्या काळात वकील होणं म्हणजे काय हे माथेरानच्या बंगल्यांत उन्हाळा काढायला येणाऱ्यांना कळलं नसेल, पण डोंगराखालच्या वाड्यांना पक्कं कळलं होतं. शिकलेला माणूस वर निघून जातो, हा खाली परत आला. शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या मुलांसाठी त्यांनी शाळा सुरू केल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत धान्यकोठ्या काढल्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी खावटीसाठी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसावं लागू नये. १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष झाले. लोक त्यांना भाई म्हणू लागले आणि पुढे तेच नाव राहिलं.

मग १९४२ चा ऑगस्ट आला. भाई भूमिगत झाले, आझाद दस्ता उभा राहिला. घाटमाथ्याचं पाणी खाली सोडून वीज करायची तीन मोठी केंद्रं या बाजूला होती : खोपोलीचं १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना जाई, आगगाड्यांना जाई. तिचे मनोरे मात्र ज्या वाड्यांच्या डोक्यावरून गेलेले, तिथे दिवेलागणीला रॉकेलची चिमणी पेटायची. दस्त्याने त्या मनोऱ्यांचे पाय करवतीने कापले. रात्री रानातून चालत जायचं, लोखंडाला करवत लावायची, कापून होईपर्यंत तो आवाज रानात सांभाळायचा आणि उजाडायच्या आत नाहीसं व्हायचं. मनोरे कोसळले, मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत झाला, सरकारने भाईंवर बक्षीस लावलं. (आज तानसा आणि भातसाचं पाणी शहापुरातून मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात शहापूरच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागलेले असतात. म्हणून ते मनोरे मला फार जुने वाटत नाहीत.)

वर्ष सरता सरता दस्ता सिद्धगडच्या रानात आला. मदतीसाठी धाडलेला निरोप भलत्याच्या हाती पडला, असं सांगतात. २ जानेवारी १९४३ ला नीट उजाडायच्या आत पोलिसांचा वेढा पडला. भाईंचे साथीदार हिराजी गोमाजी पाटील आधी पडले. मग भाई. तिशी पूर्ण होऊन त्यांना महिना झाला होता.

अशा पहाटेचं पर्व व्यासांनी लिहून ठेवलं आहे, सौप्तिकपर्व. अठरावा दिवस संपलाय, जिंकलेलं सैन्य निजलंय. दूर एका वडाखाली अश्वत्थामा जागा आहे. झोपलेल्या कावळ्यांवर एक घुबड आवाज न करता उतरतं आणि त्यांना मारत जातं, हे तो बघतो आणि उठतो. धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीचे पाचही मुलगे त्या रात्री शिबिरात मारले जातात. ही तुलना फार ओढायची नाही. अश्वत्थामा हरलेला होता, सिद्धगडावर चाल करून आलेलं सरकार भक्कम होतं. व्यासांच्या शिबिरात जेते निजले होते, इथल्या रानात मूठभर फरारी. जुळते ती फक्त वेळ, आणि नंतर विचारला जाणारा प्रश्न : पहारा का नव्हता?

महाभारत तो प्रश्न लगेच विचारत नाही. सौप्तिक हे दहावं पर्व. शिकवणूक, राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, म्हणजे शहाणपण म्हणून ज्याला ज्याला नाव देता येईल ते सगळं बाराव्या शांतिपर्वात आहे, आणि ते पर्व सगळ्यांत मोठं आहे. या दोहोंच्या मध्ये अकरावं, लहानसं स्त्रीपर्व. त्यात बायका रणांगणात येतात आणि आपली माणसं शोधतात. शोक आणि शहाणपण यांचा हा क्रम व्यासांनी लावून दिला आहे. ग्रंथ मी बराच वाचला, पण या क्रमाकडे लक्ष जायला उशीर लागला. कंसात टाकण्यासारखं छोटं पर्व आहे म्हणून वाचक ते ओलांडून भीष्मांच्या शरशय्येकडे धावतो. मीही धावत होतो.

व्यासांनी दिलेल्या दृष्टीने गांधारी सगळं रणांगण पाहते आणि कृष्णाला एकेक दाखवत जाते. आपल्याच मुलांवर थांबत नाही. भूरिश्रव्याचा तोडलेला हात त्याच्या बायकोने मांडीवर घेतला आहे. दुःशलेला जयद्रथाचं धड सापडलंय, शिर सापडत नाही, ती इकडून तिकडे धावते आहे. कृपी द्रोणांपाशी बसली आहे. आणि उत्तरा. तिने अभिमन्यूचं डोकं मांडीवर घेतलंय, रक्ताने माखलेले केस ती सारखे करते आहे. मऊ अंथरुणावर निजणाऱ्याला ही जमीन बोचत असेल, याची तिला काळजी. सहा महिन्यांचा संसार, सातव्यात हा गेला.

अभिमन्यूला व्यूहात शिरता येत होतं, बाहेर पडता येत नव्हतं. आपल्याकडे पोराटोरांना माहीत असलेली ही चूक. अर्धवट ज्ञानाचा दाखला म्हणून वर्गावर्गांत वापरलेली. उत्तरा तिचा उच्चारही करत नाही. इतक्या लहान मुलाला एकटं गाठून मारताना मारणाऱ्यांच्या मनात काय होतं, हे ती विचारते. गांधारीही नाव घेत, पाहत, रडत शेवटापर्यंत जाते. कृष्णाला शाप देते तो त्यानंतर. दोष लावायचा राहत नाही, लावला जातो आणि तो सर्वांत मोठ्याला लावला जातो. पण आधी प्रत्येक मेलेल्याचं तोंड पाहून होतं.

हिराजी, तुझं नाव नेहमी दुसरं येतं. घोषणेत, फलकावर, भाषणात. तू आधी पडलास तरी. तुझ्या नावाच्या मधोमध गोमाजी उभे आहेत, जसा आपल्याकडे प्रत्येकाच्या नावात बाप उभा असतो, आणि ते नाव मोठ्याने घेतलं की बातमी मानिवलीच्या घरी पोचली तेव्हाचा ओटा मला दिसू लागतो. तू करवत धरायचास तो हात कसा होता, थंडीत कांबळं कुणाला द्यायचास, रात्री रानातून चालताना पुढे असायचास की मागे, यातलं काही आमच्याकडे नाही. त्या पहाटे काय चुकलं एवढं मात्र प्रत्येकाला पाठ आहे. भाई, तुमची शाळांची पाटी कुणाच्या बोलण्यात येत नाही, निरोप येतो. जन्मभर केलेलं काम एका निरोपाइतकंही राहिलं नाही, हे मला सहन होत नाही.

त्याच महिन्यात, मुंबईत, एक माणूस महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं देत होता. विष्णु सीताराम सुकथनकर. केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला संस्कृतकडे वळलेले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं १९२५ पासून त्यांच्याकडे होती. १९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं, १९४२ मध्ये आरण्यकपर्व. मुंबई विद्यापीठातली चार व्याख्यानं जानेवारी १९४३ मध्ये ठरली होती. चौथं द्यायचं राहून गेलं. २१ जानेवारीला सुकथनकर वारले. सिद्धगडानंतर एकोणीस दिवसांनी. सौप्तिक आणि स्त्रीपर्व त्यांच्या हातून झालीच नाहीत. ती पुढच्या संपादकांनी केली, आणि सगळी आवृत्ती पुरी व्हायला १९६६ साल उजाडलं.

या दोन मृत्यूंचा एकमेकांशी संबंध नाही. त्या माणसाने रानातल्या गोळीबाराची बातमी वाचली असेल की नाही, तेही महत्त्वाचं नाही. मी त्यांच्याकडे जातो ते दुसऱ्या कारणासाठी. चुकांकडे इतक्या मायेने पाहणारं काम मराठी मुलखात दुसरं झालेलं नाही.

शारदा, नेवारी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या १,२५९ हस्तलिखितांचा वापर या आवृत्तीसाठी झाला. प्रत्येक पोथीत लेखनिकांच्या चुका. डोळा एका ओळीवरून दुसरीवर घसरलेला, एक अक्षर दुसऱ्यासारखं वाचलेलं, अवघड शब्द सोपा करून टाकलेला. संपादक या चुका गोळा करतो, कारण पोथ्यांची नाती त्यांच्यावरून लागतात. दोन पोथ्यांत अगदी तीच चूक सापडली तर दोघी कुठेतरी एकाच आईच्या. चुकलेलं पान ओळख देतं. आणि पाठ निवडताना शक्यतो अवघड पाठ धरायचा असतो, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही.

त्या आवृत्तीचं कुठलंही पान उघडावं. वर श्लोक. जिथे संपादकाची पुरती खात्री नाही त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ. मग आडवी रेघ, आणि तिच्याखाली बारीक टाइपात न स्वीकारलेले पाठ, कुठल्या पोथीत काय आहे त्या खुणांसकट. कित्येक पानांवर वर दोन-चार श्लोक आणि उरलेलं पान खालच्या टाइपाने भरलेलं. मागे परिशिष्टांत गाळलेले मोठे प्रसंग पुरेपूर छापलेले. चुकला म्हणून कुणालाही पानाबाहेर काढलेलं नाही. इरावती कर्व्यांनी ‘युगान्त’ लिहिलं ते हीच आवृत्ती समोर ठेवून, आणि त्या पुस्तकातला धीटपणा मला नेहमी या पानांतूनच आल्यासारखा वाटतो. वर काय आणि खाली काय हे इतकं स्वच्छ दिसलं की माणूस देवांनाही प्रश्न विचारू शकतो.

सिद्धगडच्या गोष्टीचेही पाठ आहेत. कुणी चिठ्ठी म्हणतं, कुणी तोंडी निरोप. कुणाच्या सांगण्यात पैसे मागितले होते, कुणाच्या सांगण्यात धान्य. दोन वाड्यांत तीच वेगळी ओळ ऐकू आली तर दोघींनी ती एकाच तोंडून ऐकली असणार, आणि ते तोंड शोधावंसं वाटतं. या सगळ्यांत सोपा पाठ “फितुरी झाली” हा. एका शब्दात सगळं मिटतं, ऐकणाऱ्याला पुढे विचारावंसं वाटत नाही. अवघड पाठ असा आहे, की रानात लपलेल्या माणसाला रोज भाकरी लागते. भाकरीसाठी कुणावर तरी विश्वास टाकावा लागतो. ज्यांच्यावर टाकला त्यांतल्या बहुतेकांनी तो पाळला, म्हणून तर सप्टेंबर ते जानेवारी इतके दिवस दस्ता जिवंत राहिला. निरोप धाडणं ही चूक म्हटली तर त्याआधीचे सगळे निरोप, सगळ्या भाकऱ्या, सगळी उघडी दारं यांनाही चूक म्हणावं लागेल. माणसांवर भरवसा ठेवूनच त्यांनी धान्यकोठ्या चालवल्या, शाळा चालवल्या, आणि रानात गेले तेही त्याच भरवशावर. शेवटच्या दिवशी तेवढा तो भरवसा काढून घेता येत नाही.

स्त्रीपर्वाचा शेवट मी पुन्हा पुन्हा वाचतो. चिता पेटून गेल्या आहेत. सगळे गंगेकाठी आले आहेत, मेलेल्यांना पाणी द्यायला. बायका पदर सावरत पाण्यात उतरतात. नावं घेतली जात आहेत. आणि तिथे, त्या पाण्याच्या काठावर, कुंतीला गप्प राहवत नाही. कर्णालाही पाणी द्या, ती सांगते, तो तुमचा थोरला भाऊ.

म्हणजे पांडवांच्या हातून झालेली सर्वांत भयंकर चूक त्यांना युद्धात कळली नाही, युद्धानंतरच्या मसलतीतही कळली नाही. कृष्णाला ठाऊक होतं, भीष्मांना ठाऊक होतं, आणि कुणी बोललं नाही. ती कळली तर्पणाच्या वेळी, कारण नावांत एक नाव कमी पडत होतं. पाणी द्यायला कुणी उतरलंच नसतं तर युधिष्ठिर शरशय्येपाशी जाऊन हजारो श्लोक ऐकून आला असता आणि तरी त्याला काही कळलं नसतं. शांतिपर्वाच्या आरंभी तो राज्य नको म्हणून बसतो तो कर्णासाठी. तिथून त्याचं शिकणं सुरू होतं.

आमच्या २ जानेवारीला दोन नावं घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत, आणि आहेत त्यापेक्षा सावकाश घ्यायला हवीत. पण मशाली विझल्यावर डोंगराकडे पाहत उभं राहिलं की नावं कमी पडतात हे जाणवतं. या रानात वाट चुकू न देता माणसं नेणं बाहेरच्याला जमण्यासारखं नाही. ऐन-हिरड्याच्या दाटीत, कारवीच्या भिंतींतून, अंधारात कोणता ओढा कुठे उतरतो हे ठाकरांना, कातकऱ्यांना, महादेव कोळ्यांना ठाऊक. कुणीतरी पुढे चाललं असणार. कुणाच्या तरी चुलीवर चार भाकऱ्या जास्त भाजल्या गेल्या असणार, आणि शेजारणीने विचारल्यावर त्या बाईने काहीतरी उत्तर दिलं असणार. वेढ्यानंतर पोलीस वाड्यावाड्यांत शिरले असतील तेव्हा काय विचारलं आणि काय सोसलं, ते कुणाच्या कागदावर आलेलं नाही. शेकोटीभोवती पहाऱ्याची चर्चा होते तेव्हा ही माणसं त्या चर्चेत नसतात, कारण त्यांच्या हातून चूक झालेली नाही.

त्या पहाटे दहा वर्षांची असलेली मुलं आता नव्वदीच्या पुढे. बरीच गेली. नातवंडं आहेत, सुना आहेत, आणि घरात ऐकलेली अर्धी गोष्ट आहे. शाळेतल्या मुलांना २ जानेवारीला भाषणाला उभं करतो त्याऐवजी एक वही देऊन घरोघर पाठवावं. आजीच्या सासूचं नाव काय, तिच्या दारात कुणी आलं होतं का, काय नेलं, कुठल्या वाटेनं नेलं. एका घरात एक सांगतील, दुसऱ्यात दुसरं. दोन्ही लिहून घ्यायचं. शंका असेल त्याखाली नागमोडी रेघ मारायची, न पटलेलं पानाच्या तळाशी लिहायचं, नाव मात्र एकही खोडायचं नाही. नारिवली, उचले, बोरवाडी, माचीवरची वस्ती, पलीकडे कर्जतच्या बाजूची मानिवली. पुढच्या हिवाळ्याआधी एवढी गावं सहज होतील.